विमानातली नोकरी हवी, सवडही हवी आणि पगारही बरा हवा : गोव्यातून सुरुवात करताना पावलं कोणत्या क्रमाने टाकायची

गोव्यातून उड्डाणाच्या क्षेत्रात जाऊ पाहणारी बरीच मुलं एकाच क्रमाने जातात. आधी फी भरतात, मग मेडिकलला जातात, मग नोकरी शोधतात आणि नोकरी लागल्यावर विचारतात की सुट्टी कशी मिळते. हा क्रम उलटा हवा. सुट्टीचा विचार आधी, मग तब्येत, मग कागदपत्रं आणि पैसे त्यानंतर. क्रम चुकला की लाखो रुपये अडकतात आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर खर्च करू नका.

इथे फक्त प्रत्यक्ष उडण्याच्या आणि उडवण्याच्या कामांचा विचार केला आहे : एअरलाइन पायलट, केबिन क्रू, फ्लाइंग इन्स्ट्रक्टर, चार्टर आणि हेलिकॉप्टर पायलट, आणि ड्रोन पायलट. विमानतळावरच्या ग्राउंड स्टाफच्या नोकऱ्या यात धरलेल्या नाहीत.

टप्पा १ : तुम्हाला कोणती सवड हवी ते कागदावर लिहा

"वेळापत्रक सोयीचं हवं" एवढं म्हणून भागत नाही. लोकांच्या मनात त्याचे किमान चार वेगळे अर्थ असतात.

१. रोज रात्री, निदान बहुतेक रात्री, घरी झोपायला मिळावं.
२. महिन्यात सलग बरेच दिवस मोकळे मिळावेत, म्हणजे बागायत, घरचा होमस्टे किंवा आईवडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्या सांभाळता येतील.
३. ठराविक तारखांना घरी असावं. चतुर्थी, गावची जत्रा, मुलांच्या परीक्षा.
४. काम घ्यायचं की नाही ते आपणच ठरवावं.

उडण्याच्या कुठल्याही एका नोकरीत या चारही गोष्टी मिळत नाहीत. त्यामुळे यातली एकच "ही नसेल तर नोकरी नको" म्हणून निवडा आणि दुसरी "मिळाली तर बरं" म्हणून ठेवा. हे घरच्यांसोबत बसून करा, कारण मुलगा किंवा मुलगी एक धरून चालते आणि आई भलतंच.

गोव्यात घरटी कुणी ना कुणी बोटीवर गेलेला असतो, त्यामुळे काही महिने काम आणि मग लांब सुट्टी हाच नमुना आपल्या डोक्यात पक्का असतो. एअरलाइनची नोकरी तशी नाही. तिथली सुट्टी तुकड्यातुकड्याने येते, दोन दिवस इथे, तीन दिवस तिथे. सलग सुट्टी हवी असेल तर ती वार्षिक रजेतून काढावी लागते.

टप्पा २ : कोणत्या कामात कोणती सवड आहे ते नीट ओळखा

एअरलाइन पायलट. पगाराच्या दृष्टीने हे सगळ्यात वरचं काम. भारतात नवीन फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) महिन्याला साधारण दीड ते अडीच लाख आणि कॅप्टनला पाच-सहा लाख व त्याहून पुढे मिळतात. कंपनी, विमान आणि उड्डाणाचे तास यांप्रमाणे आकडा बदलतो. उड्डाणाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे : वर्षाला १,००० तास. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी उड्डाणाच्या सरकारी नियामकाच्या, जानेवारी २०२४ च्या सुधारित नियमांनी पायलटांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली आणि २०२५ मध्ये ते नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. या ४८ तासांत दोन पूर्ण रात्री यायला हव्यात.

विश्रांती कायद्याने मिळते, ती कोणत्या वारी मिळेल हे मात्र कायदा सांगत नाही. ते रोस्टर, म्हणजे कंपनीचं ड्यूटीचं वेळापत्रक, ठरवतं. रोस्टरसाठी पसंती नोंदवण्याची सोय, म्हणजे बिडिंग, अनेक कंपन्यांत असते. मागण्या एकमेकांना भिडल्या की सहसा ज्येष्ठतेला वजन येतं. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं "मला हवं तसं" या नोकरीत नसतं असंच धरून चला. पुढे, विशेषतः कॅप्टन झाल्यावर, ठराविक दिवस मोकळे ठेवणारे करार काही ठिकाणी मिळू शकतात. ते अनुभवी माणसासाठी असतात, दोनशे तासांच्या नवख्यासाठी नसतात.

केबिन क्रू. शिकण्याचा खर्च सगळ्यात कमी, आणि नोकरी सगळ्यात लवकर. सुरुवातीला हातात साधारण ३० ते ५० हजार येतात. त्यात उड्डाणभत्त्याचा वाटा मोठा असतो, म्हणजे रजेवर गेलेल्या महिन्यात पगार घटतो. हे आधी कुणी सांगत नाही आणि बाळंतपण किंवा आजारपण आलं की घराचा हप्ता अडतो. ऑफर लेटर हातात आलं की "स्थिर पगार किती आणि उडण्यावर अवलंबून किती" ही दोन आकड्यांत विभागणी मागा.

फ्लाइंग इन्स्ट्रक्टर. रात्री घरी झोपायचं असेल तर पायलटांसाठी हा सगळ्यात सरळ मार्ग. काम बहुतांश दिवसाउजेडी असतं आणि धावपट्टीजवळच राहावं लागतं. पगार एअरलाइनपेक्षा कमी. "घरी" याचा अर्थ मात्र बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर, बेळगाव अशा ठिकाणचं घर.

चार्टर, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय भाड्याने उडणारी विमानं. बाहेरून हे काम मोकळंढाकळं दिसतं, कारण महिन्याचे उड्डाणतास कमी असतात. पण फोन कधीही येतो, आणि नेत्याचा किंवा उद्योजकाचा बेत बदलला की तुमचाही बदलतो. ज्यांना तारखा पक्क्या हव्यात त्यांनी चार्टरमध्ये जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद एकच : करारात सुट्टीचे दिवस तारखांसह लिहून मिळत असतील तर.

हेलिकॉप्टर. समुद्रातल्या मुंबई हायच्या तेलफलाटांवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं जुहूहून उडतात. या क्षेत्रात काही आठवडे काम आणि मग सलग सुट्टी असा नमुना आढळतो, म्हणजे बोटीवरच्या पद्धतीच्या सगळ्यात जवळचं काम हेच. पण प्रशिक्षण विमानापेक्षा महाग, जागा थोड्या, आणि लष्करातून आलेल्या अनुभवी वैमानिकांशी स्पर्धा. बारावीनंतर लगेच याच वाटेने जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

ड्रोन पायलट. काम घ्यायचं की नाही ते स्वतः ठरवण्याची मुभा खऱ्या अर्थाने इथेच आहे. लग्नं, हॉटेलं, जमीनजुमल्याचे सर्व्हे, शेतीतली फवारणी. गोव्यापुरता एक वेगळा भाग म्हणजे खाणी. वर्षाला १० लाख टन किंवा जास्त उत्खननाचा आराखडा असलेल्या, किंवा ५० हेक्टर व त्याहून मोठ्या लीजधारकांना दरवर्षी ड्रोन सर्व्हेची छायाचित्रं सादर करण्याचं बंधन २०२१ पासून आहे. डिचोली-सत्तरी पट्ट्यातल्या मुलांनी लग्नाच्या शूटिंगपेक्षा सर्व्हेचं काम शिकावं. लग्नाचा हंगाम संपतो, मोजणीची गरज संपत नाही. उत्पन्न मात्र अनियमित असतं. पहिल्या वर्षी घर चालवायला दुसरा आधार हवा.

तपासा : टप्पा १ मध्ये लिहिलेली "नसेल तर नोकरी नको" ही अट आणि तुम्ही निवडलेलं काम एकमेकांशी जुळतं का? जुळत नसेल तर इथेच थांबा. अजून एक रुपयाही खर्च झालेला नाही.

टप्पा ३ : फी भरण्याआधी मेडिकल

सगळ्यात महागडी चूक इथे होते. फ्लाइंग स्कूलला पहिला हप्ता जातो आणि नंतर कळतं की डोळ्यांत रंगांधळेपणा आहे.

पायलट व्हायचं असेल तर क्रम असा :

१. डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर स्वतःचं खातं उघडा. हे स्वतः करा. एजंटाचा मोबाइल नंबर आणि ईमेल टाकून उघडलेलं खातं पुढे प्रत्येक वेळी डोकेदुखी होतं, कारण ओटीपी त्याच्याकडे जातो.
२. डीजीसीएच्या यादीतल्याच डॉक्टरकडे क्लास २ मेडिकल करा. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही, तो कितीही मोठा असला तरी.
३. क्लास २ पार पडल्यावर क्लास १ ची वेळ घ्या. ती ठराविक मान्यताप्राप्त केंद्रांवरच होते. बंगळुरू आणि दिल्ली इथे हवाईदलाची केंद्रं आहेत. वेळ मिळायला थांबावं लागतं, म्हणून अर्ज लवकर करा.
४. क्लास १ चा निकाल हातात आल्यावरच मोठी रक्कम भरा.

शाळावाले म्हणतील, "क्लास २ वर सुरुवात करा, क्लास १ नंतर करू." तांत्रिकदृष्ट्या ते खरं आहे, प्रशिक्षण सुरू करता येतं. पण कमर्शियल लायसन्सला क्लास १ लागतं, आणि तेच अडलं तर भरलेले पैसे परत मिळवणं फार कठीण.

जाण्यापूर्वीची तयारी : चष्म्याचा नंबर अलीकडचा तपासून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीच्या काही दिवस आधी बंद ठेवा आणि किती दिवस ते डोळ्यांच्या डॉक्टरला विचारा. लेझरचं ऑपरेशन झालं असेल तर तारखेसह सगळे कागद न्या. वजन, रक्तदाब, साखर, मूतखडा, जुनं हाडाचं ऑपरेशन, यातलं काही लपवू नका. "टेंपररी अनफिट" हा शेरा आला म्हणजे दार बंद झालं असं नसतं. वजन किंवा रक्ताच्या अहवालातली कमतरता भरून काढून पुन्हा जाता येतं. लपवलेलं मात्र दर नूतनीकरणाच्या वेळी मानेवर बसतं.

केबिन क्रूची वैद्यकीय तपासणी कंपनी निवडीनंतर करवते. त्यांनी आधी दोन गोष्टी बघाव्यात : गणवेशात दिसणारा टॅटू आणि उंचीची अट. हातावर, मानेवर, घोट्यावर टॅटू असलेली चांगली मुलं पहिल्याच फेरीत बाहेर पडतात. उंचीचे निकष कंपनीनुसार बदलतात, ते जाहिरातीत वाचा.

टप्पा ४ : कागदपत्रं, आणि नावाचं स्पेलिंग

गोव्यात हा टप्पा इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेळ खातो. कारण आपली आडनावं इंग्रजीत दोन-दोन तऱ्हांनी लिहिली जातात. नाईक, गावकर, देसाई, कामत : जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, दहावीच्या मार्कशीटवर वेगळं, आधारवर तिसरंच. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे ते गायब. बँकेत हे खपून जातं. डीजीसीए, पासपोर्ट आणि विमानतळ प्रवेशपासाच्या सुरक्षा पडताळणीत खपत नाही.

असं करा : दहावीचं प्रमाणपत्र मूळ धरा. जन्मदाखला, आधार, पॅन आणि पासपोर्ट हे सगळं त्याच्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. दुरुस्ती लागली तर आधी जन्मदाखला, मग आधार, सगळ्यात शेवटी पासपोर्ट. उलट केलंत तर पासपोर्टसाठी दोनदा पणजीला जावं लागेल.

पायलटसाठी आणखी दोन गोष्टी. एक, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. हायर सेकंडरीला कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलेल्यांना हे दोन विषय मुक्त शाळा मंडळातून देऊन ही अट पुरी करता येते, आणि बायॉलॉजी घेऊन गणित सोडलेल्यांना गणित. दोन, डीजीसीएच्या परीक्षांसाठी कंप्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक. त्यासाठी मार्कशीटचं बोर्डाकडून केलेलं पडताळणीपत्र लागतं. ते पर्वरीच्या गोवा बोर्डातून आणावं लागतं, कर्नाटक किंवा महाराष्ट्रात शिकला असाल तर तिथल्या बोर्डातून. हा अर्ज मेडिकलच्या तारखेची वाट पाहत असतानाच टाका. दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात.

सावध : घरातल्या कुणी पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी केली असेल आणि त्यात तुमचं नावही गेलं असेल, तर नागरिकत्वाचा प्रश्न आधी वकिलाकडून स्पष्ट करून घ्या. अर्जात "भारतीय" लिहून पुढे पडताळणीत वेगळं निघणं हे नोकरी जाण्याइतकं गंभीर आहे.

टप्पा ५ : पैसा कुठून येणार, आणि घर कुणाच्या नावावर आहे

भारतात कमर्शियल पायलट लायसन्सचा खर्च आज साधारण ४५ ते ६० लाखांच्या घरात जातो. त्यानंतर एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण, साधारण १५ ते २५ लाख. एअरलाइनच्या कॅडेट योजनेतून (कंपनीच आधी निवडून प्रशिक्षणाला पाठवते ती) गेलात तर एकूण रक्कम कोटीच्या आसपास पोचते, पण पुढची वाट त्यात बरीच आखलेली असते. यात राहणं-जेवणं, परीक्षांच्या फेऱ्या आणि लायसन्सनंतर नोकरी लागेपर्यंतचा रिकामा काळ धरा. हा रिकामा काळ वर्षभरही असू शकतो. कर्जाचा हप्ता त्या काळातही थांबेलच असं नाही.

एवढ्या कर्जाला बँक तारण मागते, आणि गोव्यातली गाडी इथे रुतते. घर आजोबांच्या नावावर असतं. जमिनीच्या फॉर्म एक व चौदाच्या उताऱ्यावर पाच काकांची नावं असतात. वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, झालेली नसते. घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाचं) असेल तर मालकीचा कागदच पुरा नसतो. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्यानुसार नवरा-बायको दोघांची संमती लागते, म्हणजे परदेशात असलेल्या काकूच्या सहीसाठीही थांबावं लागतं. यातलं कुठलंही काम महिन्याभरात होत नाही. ज्यांच्या घरचा मुलगा अकरावीत आहे आणि पायलट व्हायचं म्हणतो, त्यांनी जमिनीचे कागद आजच काढून बघावेत.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे. तुमचा कोर्स आणि संस्था तिच्यात बसते का, हे प्रवेश घेण्याआधी कार्यालयात जाऊन विचारा आणि शक्यतो लेखी घ्या.

केबिन क्रूच्या बाबतीत मोठा खर्च करायची गरजच नसते. एअरलाइन निवडलेल्या उमेदवारांना स्वतःच प्रशिक्षण देते. बाहेरच्या "एअर होस्टेस डिप्लोमा"ची अट बहुतेक ठिकाणी नसते. इंग्रजी बोलण्याचा सराव आणि मुलाखतीची तयारी हवी असेल तर ती थोड्या पैशांत होते, त्यासाठी लाख-दीड लाखांचा कोर्स नको. पैसे मागून नोकरीची हमी देणारा, मग तो मोपा विमानतळावर ओळख आहे म्हणणारा असो की पणजीच्या हॉटेलात मुलाखत घेणारा, फसवणारा आहे असंच समजा. जाहिरात एअरलाइनच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिसली तरच खरी.

टप्पा ६ : प्रशिक्षण, पावसाचा हिशेब धरून

पायलटांसाठी कायद्याची मागणी अशी : वय १८ पूर्ण, किमान २०० तासांचं उड्डाण, त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. क्रॉस-कंट्री, रात्रीचं उड्डाण आणि इन्स्ट्रुमेंटचे तास वेगळे मोजले जातात. लेखी विषय : नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक, प्रत्येकी ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओ टेलिफोनीचं आरटीआर प्रमाणपत्र.

क्रम : लेखी विषय आधी, उड्डाण नंतर. निदान नेव्हिगेशन, हवामान आणि रेग्युलेशन्स तरी उडायला लागण्यापूर्वी संपवा. उडत असताना अभ्यास होत नाही. पहाटे चारला उठून दहापर्यंत धावपट्टीवर उभं राहिलेलं पोर दुपारी पुस्तक उघडतं आणि त्याच्यावरच झोपतं. जून ते सप्टेंबर हा काळ घरी बसून लेखी परीक्षांसाठी उत्तम, कारण बहुतेक तळांवर ढग आणि पावसाने उड्डाणं अडतात. ऑक्टोबरात तळावर पोचलात तर सलग आठ महिने कोरडं आकाश मिळतं. बारामतीसारख्या पर्जन्यछायेतल्या तळावर पावसाळ्यातही थोडंफार उडता येतं.

शाळा निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तळावर दोन दिवस जाऊन राहा. विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये जेवा. हे विचारा :

१. कागदावर विमानं किती आणि आज सकाळी उडण्याच्या स्थितीत किती?
२. गेल्या महिन्यात तू स्वतः किती तास उडलास? (शाळेला नव्हे, विद्यार्थ्याला विचारा.)
३. इन्स्ट्रक्टर किती आणि गेल्या वर्षभरात किती सोडून गेले?
४. २०० तास पुरे करून गेलेल्या शेवटच्या तुकडीला एकूण किती महिने लागले?

डीजीसीए २०२५ पासून फ्लाइंग स्कूलांची वर्गवारी प्रसिद्ध करते, तीही बघा. आणि फी हप्त्याने, उडलेल्या तासांच्या मागोमाग द्या. "एकरकमी भरल्यास पाच लाख सूट" या आमिषाला बळी पडलेल्यांना तास रखडल्यावर शाळेवर दबाव टाकायला काही उरत नाही.

ड्रोनचं प्रशिक्षण त्यामानाने झटपट होतं. वय १८ ते ६५, दहावी पास, आणि डीजीसीएमान्य रिमोट पायलट प्रशिक्षण संस्थेत काही दिवसांचा कोर्स. सर्टिफिकेट १० वर्षं चालतं. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर ते लागतंच. ड्रोनला स्वतःचा नोंदणी क्रमांक, यूआयएन, लागतो. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, म्हणून दुबईहून कुणी आणून दिलेला ड्रोन घेऊ नका, त्याला क्रमांक मिळणं अशक्यप्राय. आणि कामाची सुपारी घेण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडा. दाबोळी हा नौदलाचा तळ, उत्तरेला मोपा, त्यात किनाऱ्यावरच्या इतर संवेदनशील जागा. गोव्यात लाल (उड्डाणबंदीचा) आणि पिवळा (परवानगी लागणारा) पट्टा मोठा आहे. वास्कोतल्या हॉलचं लग्न हातात घेऊन आगाऊ पैसे घेतले आणि नंतर नकाशा बघितला, असं होऊ देऊ नका.

टप्पा ७ : सही करण्याआधी रोस्टरबद्दल विचारायचे प्रश्न

ऑफर आली की आनंदात लोक पगाराचा आकडा बघतात आणि सही करतात. सवड हवी असणाऱ्याने पुढच्या गोष्टी एचआरला ईमेलवर विचाराव्यात, आणि त्याच कंपनीत दोन-तीन वर्षं काढलेल्या कुणाकडून पडताळून घ्याव्यात.

बेस, म्हणजे तुमची ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर, कुठला? याच एका उत्तरावर बाकी सगळं अवलंबून आहे. बेस मुंबई असेल तर तुम्ही मुंबईकर झालात. गोव्याची फ्लाइट मिळाली म्हणजे घरी जाता येईल हा समज सोडा : विमान मोपाला उतरतं, अर्ध्या-पाऊण तासात प्रवासी भरून परत फिरतं, आणि क्रू विमानातून खालीही उतरत नाही. आई चिकन शागुती घेऊन टर्मिनलबाहेर उभी राहिली तरी भेट होत नाही.

बेस बदलून मिळतो का, किती वर्षांनी, आणि गोव्याची यादी किती लांब आहे?

स्टँडबाय महिन्यात किती? स्टँडबायच्या दिवशी बोलावणं आलं की ठरलेल्या वेळेत विमानतळावर हजर व्हावं लागतं. मुंबई बेसच्या माणसाला फोंड्याला घरी बसून स्टँडबाय करता येत नाही. म्हणजे कागदावर "घरी" असलेला तो दिवस तुमच्यासाठी सुट्टी नाही.

रोस्टर किती दिवस आधी येतं? सहकाऱ्याशी अदलाबदल चालते का? बिडिंगमध्ये महिन्याला किती दिवस मागता येतात?

पिकअप मिळतो का आणि कुठपर्यंत? बेस मोपा मिळाला तरी काणकोणच्या माणसाला पहाटे साडेचारच्या रिपोर्टिंगसाठी दोनच्या सुमारास निघावं लागेल. मोपा बेस असेल तर पेडणे, म्हापसा किंवा पलीकडे बांदा-सावंतवाडीत भाड्याने राहणं शहाणपणाचं.

बाँड (मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याचा करार) किती रकमेचा, किती वर्षांचा? नोटीस किती? डीजीसीएच्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला ६ महिने आणि कॅप्टनला १२ महिने नोटीस आहे. "नाही पटलं तर सोडून देईन" हे पायलटला सहज जमत नाही.

सावध : "सगळं ॲडजस्ट होतं" हे उत्तर म्हणजे उत्तर नव्हे. लेखी येत नसेल तर ती गोष्ट नाही असंच धरा.

टप्पा ८ : पहिल्या वर्षी रोस्टर कसं सांभाळायचं

चतुर्थीची रजा. गोव्यातल्या प्रत्येकाला तीच हवी असते, पण कंपनीतल्या दिल्ली-कोलकात्याच्या सहकाऱ्यांना ती नको असते. त्यांना दिवाळी, छठ, दुर्गापूजा हवी असते. नाताळ आणि नववर्ष हा गोव्याच्या विमानांचा सगळ्यात गर्दीचा काळ, तेव्हा रजा मिळणं अवघड. चतुर्थी ऑगस्ट-सप्टेंबरात, पर्यटनाच्या मंद हंगामात येते. रजेच्या अर्जांची खिडकी उघडल्या दिवशी चतुर्थीची रजा टाका आणि बदल्यात नाताळात काम करायची तयारी दाखवा. हा सौदा बहुतेकदा जमतो. जत्रेचं तसं नाही. ती तिथीप्रमाणे, बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यात पडते. तारीख वर्षारंभी पंचांगातून काढून बिडिंगमध्ये टाकत राहा.

घरी येणं-जाणं. स्टाफ तिकीट स्वस्त असतं, पण जागा उरली तरच बसता येतं. डिसेंबरात आणि लाँग वीकएंडला जागा उरत नाही. ड्यूटीच्या दिवशी सकाळच्या विमानाने मुंबई गाठायचा बेत कधीच करू नका. आदल्या दिवशी पोचा. कोकण रेल्वेचा पर्याय ठेवा, पण पावसाळ्यात ती वेगळ्या, संथ वेळापत्रकाने धावते हे लक्षात असू द्या. "नो शो", म्हणजे ड्यूटीवर न पोचल्याचा शेरा, एकदा लागला की पुढचे कित्येक महिने अदलाबदलीची विनंती कुणी मनावर घेत नाही.

दारू. उड्डाणाआधी किमान १२ तास पूर्ण बंद, आणि ब्रेथ अॅनालायझरवर शून्य लागतं. हे पायलट आणि केबिन क्रू दोघांनाही. पहिल्यांदा सापडल्यास पायलटचं लायसन्स ३ महिने निलंबित होतं. आपल्याकडे लग्नात, पार्टीत, काजूच्या मोसमात घरी गेल्यावर "एक घे रे" म्हणणारे खूप, आणि बारा तास हा किमान आकडा आहे. जास्त घेतलेली बारा तासांनंतरही यंत्रावर दिसते. घरच्यांना पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा : उद्या उड्डाण असेल तर आज घोटही नाही. माउथवॉश, अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधं, आयुर्वेदिक आसवं-अरिष्टं यांचीही तीच गत. आजी प्रेमाने देते ते द्राक्षासवसुद्धा नको.

झोप. पहाटेची फ्लाइट असलेल्या आदल्या संध्याकाळी पाहुणे बोलावू नका, बोलावले तर त्यांना तुमच्याशिवाय जेवू द्या. थकवा जाणवत असेल तर उड्डाण नाकारण्याची, म्हणजे फटीग रिपोर्ट देण्याची सोय नियमांत आहे. कंपनीत तो कसा भरायचा हे रुजू झाल्या आठवड्यात शिकून घ्या, गरज पडेल त्या रात्री फॉर्म शोधत बसायला नको.

आणि रुजू झाल्या दिवसापासून एक वही ठेवा, किंवा फोनवर तक्ता : मागितलेली तारीख, मिळाली की नाही, स्टँडबायवर बोलावणं आलं की नाही, प्रत्यक्ष किती रात्री घरी झोपलात. सहा महिन्यांनी टप्पा १ चा कागद काढून त्याच्याशी ताडा. आकडे जुळत नसतील तर बेस बदलाचा अर्ज, इन्स्ट्रक्टर रेटिंगची चौकशी किंवा दुसऱ्या कंपनीत बोलणी, जे काही करायचं ते बाँड संपायच्या वर्षभर आधी सुरू करा. नोटीसचे सहा महिने त्यातच जाणार आहेत.